आधी कोण वळणार

गावात सगळे त्यांना ब्रेकबाई म्हणत. पाठीमागे म्हणत तसं तोंडावरही म्हणत, आणि बाईंना त्यात काही वावगं वाटत नसे. मोटार शिकवणाऱ्या शाळेत त्यांनी उभं आयुष्य काढलं होतं, तेही स्टिअरिंगच्या शेजारच्या जागेवर. शाळेच्या गाडीला त्या बाजूलाही एक ब्रेक असतो. शिकणाऱ्याची भंबेरी उडाली की शिकवणाऱ्याने तो दाबायचा. बाईंचा उजवा पाय इतक्या वर्षांत असा तयार झाला होता की समोर कुत्रं आडवं यायच्या आधीच तो खाली जाई. शेजाऱ्यांच्या गाडीत जाई, बसमध्ये जाई, एकदा तर दाताच्या डॉक्टरांच्या खुर्चीतही गेला होता.

निम्मं गाव त्यांच्या हाताखालून गेलेलं. डॉक्टर, वकील, दूधवाला, बँकेचा मॅनेजर, सगळ्यांना बाई अरे-तुरे करत. गाडीत बसलेला माणूस बाहेर कितीही मोठा असो, बाईंच्या लेखी तो आरशात न बघणारा एक गाढव. शिकवत मात्र त्या फार चांगलं, हे त्यांच्याशी भांडण झालेले लोकही कबूल करत. गंमत एवढीच की रोज गाडीत बसूनही बाई कधी कुठे गेल्या नव्हत्या. मैदानापासून रेल्वेच्या फाटकापर्यंत जायचं, फाटकाशी गाडी वळवायची, परत मैदान. लोक शिकायचे, परवाना घ्यायचे आणि फाटकाच्या पलीकडे निघून जायचे. बाई पुढच्या गाढवाला घेऊन पुन्हा फाटकापर्यंत. नवरा लवकर गेला, लेक एकटीने वाढवली. सुट्टी हा शब्द त्यांनी फक्त शाळेच्या फळ्यावर वाचला होता.

त्यांचा जावईसुद्धा आधी त्यांचा विद्यार्थीच. चष्म्याच्या दुकानात काम करणारा, सडपातळ, हळू आवाजात बोलणारा, समोरून सायकल आली तरी आधी तिला जाऊ देणारा. त्याला बाईंनी भर चौकात "अरे ठोंब्या, क्लच सोड!" असं ओरडून ओरडून गाडी शिकवली. शिकवणी संपली, बाई त्याला विसरूनही गेल्या, आणि एक दिवस लेकीने घरी येऊन सांगितलं की मला लग्न करायचंय आणि मुलगा तुझा तो ठोंब्या आहे.

लग्न लागलं आणि एका रात्रीत 'अरे ठोंब्या'चं 'अहो जावईबापू' झालं. बाईंची जीभ बिचारी बेजार झाली. "अरे, आरशात..." इथपर्यंत येऊन ती अडखळे, आणि मग म्हणे, "बघता का जरा?" त्यात लेकीने पहिल्याच आठवड्यात निक्षून सांगितलेलं, "आई, माझ्या नवऱ्याला तू आता काही म्हणजे काही शिकवायचं नाहीस. गाडी नाही, पोळ्या नाही, भिंतीत खिळा ठोकायलासुद्धा नाही. शब्द दे." बाईंनी शब्द दिला. तो पाळता यावा म्हणून जावयाच्या गाडीत त्या मागच्या सीटवर बसत आणि डोळे गच्च मिटून घेत.

आता अशी बाई समुद्राच्या तळाशी कशी पोहोचली, तर गुडघ्यांमुळे. गुडघे दुखतात म्हणून डॉक्टरांनी पोहायला पाठवलं. त्या तलावावर शनिवारी एक जण पाण्याखाली श्वास घ्यायला शिकवी. पाठीला हवेची टाकी, तोंडात नळी, डोळ्यांवर काच, पायांना रबरी पंख. बाई नुसतं बघायला म्हणून उतरल्या आणि तिथल्याच झाल्या. पाण्याखाली गुडघे दुखत नाहीत, कुणी हॉर्न वाजवत नाही आणि कुणावर ओरडता येत नाही. यातली तिसरी गोष्ट त्यांना सुरुवातीला गैरसोयीची वाटली, मग सवय झाली. लेक आणि जावई हे आधीच शिकलेले होते. बाई निवृत्त झाल्या तेव्हा लेक म्हणाली, "शाल-नारळ काय कुणीही देईल. चल, बेटावर जाऊ. रोज किनाऱ्यावरून पाण्यात उतरायचं, रोज थोडं थोडं लांब जायचं. आणि शेवटच्या दिवशी कमान."

ही कमान म्हणजे पाण्याखालचा एक पोकळ खडक. तिथे कासवं अंग साफ करून घ्यायला येतात. ती थांबतात आणि बारके मासे त्यांच्या पाठीवरचं शेवाळ खातात. होडीने तिथे जायची सोय नव्हती, कारण प्रवाळ इतकं वर आलेलं की होडीच्या तळाचं काही खरं नसे. जायचं तर किनाऱ्यावरून, आपल्या पायांनी आणि पाठीवरच्या हवेने. बाईंनी हे ऐकलं आणि त्यांच्या मनाने घेतलं. कासव दिसलं तर चांगलंच, पण खरं सांगायचं तर बाईंना पोहोचायचं होतं. एकदा तरी मधूनच न वळता कुठेतरी जाऊन पोहोचायचं होतं.

बेत असा होता की लेक आणि बाई जोडीने उतरतील आणि जावई माडाखाली पुस्तक वाचत पडेल. पण लेकीने येतानाच सर्दी आणली. पहिल्या सकाळी ती छातीभर पाण्यात गेली, डोकं खाली घातलं आणि कान धरून किंचाळत बाहेर आली. बेटावरच्या डॉक्टरांनी कानात बघितलं आणि सांगितलं, सुट्टी संपेपर्यंत डोकं पाण्यात घालायचं नाही. आता पाण्याखालचा पहिला नियम असा की एकट्याने जायचं नाही. जोडीने जायचं, जोडीने यायचं. जोडीतल्या एकाची हवा संपत आली की दुसऱ्याचीही सफर संपली. राहिलं कोण? सासू आणि जावई.

"मी आहे ना, आई," जावई म्हणाला, आणि पुस्तकात खुणेची काडी घालून ठेवली.

संध्याकाळी पाहुणेघराच्या व्हरांड्यात लेकीने बेत आखायला घेतला. कानात कापसाचा बोळा, गळ्याला ओढणी, हातात गरम पाण्याचा पेला. टेबलावर तिने मिठाची बाटली ठेवली, ती कमान. दोन चमचे आडवे टाकले, ती प्रवाळाची रांग. काड्यापेटी म्हणजे किनारा.

"जाताना प्रवाहाच्या विरुद्ध जायचं," ती काड्यापेटीपासून बोट सरकवत म्हणाली. "म्हणजे येताना दमलात तरी पाणीच आणून सोडतं. टाकीतल्या हवेचे तीन वाटे करायचे. एक जायला, एक यायला, एक अडीनडीला. दोघांपैकी कुणाचाही पहिला वाटा संपला की वळायचं. कळलं?"

"कळलं," दोघं एकदम म्हणाले. वळायचं हे कुणी सांगायचं, ते मात्र लेकीने सांगितलं नाही आणि या दोघांनी विचारलं नाही. उंटावरून शेळ्या हाकणाऱ्याला एवढं बारीक कुठून दिसणार?

किनाऱ्यावर पत्र्याच्या शेडमध्ये टाक्या भरून देणारी एक बाई होती. तिला सगळे टाकीवाली म्हणत. ऐसपैस अंगाची, चष्मा दोरीने गळ्यात अडकवलेला, आणि हवा भरायच्या यंत्राच्या धडधडाटात बोलून बोलून आवाज असा झालेला की ती शुभ सकाळ म्हणाली तरी माणूस दचके. तिची एक पद्धत होती. परत आलेल्या प्रत्येक टाकीत किती हवा उरली ते दाखवणारा काटा ती स्वतः बघे. काटा पांढऱ्यावर असला तर दुसऱ्या दिवशी जा कुठे जायचं तिथे. लाल पट्ट्यात असला तर दुसऱ्या दिवशी फक्त समोरच्या उथळ खाडीत. खाडीला ती बालवाडी म्हणे. "हवा उरवून आणणारा माणूस मला परत दिसतो," ती म्हणे. "आणि गिऱ्हाईक मला परत दिसायला हवं असतं."

पहिल्या दिवशी सासू-जावई उतरले. गुडघाभर पाण्यात पंख घातले, लाटेला पाठ देऊन उलटं चालत गेले आणि खाली बसले. आणि बाई हरखून गेल्या. तलावातलं पाणी ते तलावातलं. इथे खाली सगळीकडे लखलखाट. पिवळे मासे, निळे मासे, नुसते डोळे असलेले मासे, आणि प्रवाळाच्या फटीतून शिंगं हलवणारं काहीतरी, ज्याने बाईंना बघून दार लावून घेतल्यासारखी मान आत घेतली. बाई पुढे, जावई अर्ध्या हातावर. थोड्या वेळाने बाईंनी काटा बघितला. पहिला वाटा संपला होता.

आता वळायला हवं. बाईंचा हात उठायला लागला आणि तिथेच थांबला. खूण करायची म्हणजे काय? 'चला, वळा, बस्स झालं' असंच ना सांगायचं? म्हणजे शिकवणंच झालं. शब्द दिलाय. शिवाय हा काही आता ठोंब्या नाही, जावईबापू आहेत. त्यांना कळत असेलच की. ते सांगतील. बाईंनी जावयाकडे बघितलं. जावयाने बाईंकडे बघितलं. आणि अंगठ्याला तर्जनी जोडून गोल केला, म्हणजे 'सगळं ठीक?' बाईंनी गोल केला, 'ठीक.' दोघं पुढे निघाले.

थोड्या वेळाने परत तेच. ठीक? ठीक. पुढे.

शेवटी त्यांना वळवलं ते एका माशाने. कपाटाएवढा, खालचा ओठ लोंबणारा, कर्जवसुलीला आल्यासारखा चेहरा. तो खडकाआडून निघून वाटेत मधोमध उभा राहिला, आणि मग मात्र कुणी कुणाची वाट न बघता दोघांनी तोंड फिरवलं.

"लाल!" टाकीवाली शेडमधून ओरडली. "दोन्ही लाल! काय, तळाशी घर बघायला गेला होतात?"

"चूक माझी," जावई म्हणाला.

"नाही नाही, माझीच," बाई म्हणाल्या.

"उद्या बालवाडी," टाकीवाली म्हणाली.

बालवाडीत तर कहरच झाला. खाली काही बिघडलं नाही, पण बाहेर येताना घोडं अडलं. किनाऱ्यावर लाट फुटते तिथून निघायचं तर दोन लाटांच्या मधे पटकन निघायचं असतं. बाई थांबल्या आणि हात पुढे करून म्हणाल्या, आधी तुम्ही. जावई थांबला आणि वाकून म्हणाला, छे, आधी तुम्ही. लाटेला कुणी विचारलं नव्हतं. तिने दोघांनाही एकदम उचललं आणि वाळूत आणून आदळलं. बाईंचा एक पंख निघून खाडीत तरंगत चालला, आणि लेक कानाला हात लावून त्याच्यामागे धावली.

"अगं, लागलं का?"

"मला काही नाही," बाई तोंडातली वाळू थुंकत म्हणाल्या. "जावईबापूंना बघ."

"मला काही नाही," जावई वाळूत पालथा पडून म्हणाला. "आईंना बघ."

त्यानंतर टाकीवालीने पुन्हा लांब जायची परवानगी दिली. लेक या वेळी किनाऱ्यावरच्या उंच खडकावर चढून बसली. पाणी काचेसारखं होतं. खालून वर येणारे बुडबुडे तिला स्पष्ट दिसत होते, दोन शेजारी शेजारी ओळी, पुढे पुढे सरकणाऱ्या. मग एका जागी त्या थांबल्या. थांबल्या त्या थांबल्याच. एक ओळ जरा पुढे गेली, परत मागे आली. दुसरी जरा मागे गेली, परत पुढे आली. लेकीला काही केल्या कळेना की माशी कुठे शिंकली.

काटे परत लाल. टाकीवालीने चष्मा नाकावर चढवला, काटे बघितले, चष्मा खाली सोडला. "तुमची बोट परवा ना? मग उद्याचा एकच दिवस. कमान विसरा. उद्या बालवाडीत खेकडे बघा आणि घरी जा."

बाईंनी टाकी टेकवली, पंख धुतले, मास्क धुतला, परत एकदा धुतला. लेकीला वाटलं आई चिडलीय. बाई चिडल्या नव्हत्या, त्यांना खूप वाईट वाटलं होतं, आणि ते कुणाला दिसू नये म्हणून त्या धुतलेलं धूत होत्या.

संध्याकाळी टेबलावर मिठाची बाटली, चमचे, काड्यापेटी सगळं तसंच होतं. कुणी कशाला हात लावेना. शेवटी लेकच म्हणाली, "मला एक सांगा. तुम्ही दोघं तिथे एका जागी काय करत होतात?"

"मी आईंची वाट बघत होतो," जावई म्हणाला.

"मी यांची," बाई म्हणाल्या.

"कशासाठी?"

"वळायला."

लेक एकदा याच्याकडे बघते, एकदा तिच्याकडे. "म्हणजे काटा दोघांनी बघितला होता?"

"बघितला की."

"मग तू का नाही म्हणालास वळा म्हणून?"

"आईंना इतकं आवडत होतं," जावई पुटपुटला. "म्हटलं, आपण कशाला मोडता घाला."

"आणि आई, तू? तू बसच्या ड्रायव्हरला सोडत नाहीस, येताना विमानात हवाईसुंदरीला पट्टा कसा लावायचा ते सांगितलंस, आणि तुला साधं वळा म्हणता आलं नाही?"

"तूच शब्द घेतलास ना माझ्याकडून? जावयाला काही शिकवायचं नाही."

लेकीने कपाळाला हात लावला. "शिकवू नकोस म्हणाले होते मी, जीव जाईपर्यंत गप्प बस म्हणाले नव्हते! ताकाला जायचं आणि भांडं लपवायचं. टाकीवाली म्हणते ते खरंय, भीड भिकेची बहीण."

"असं म्हणाली ती?"

"आणखीही बरंच काही म्हणाली. ते मी सांगत नाही."

जावयाला हसू आलं. बाईंना आलं नाही. इतकी वर्षं एक गोष्ट त्यांच्या मनात होती आणि ती विचारायला याहून बरी वेळ येणार नव्हती.

"मी तेव्हा फार बोलले का हो तुम्हाला? चौकात?"

जावयाने मिठाची बाटली उचलली आणि परत त्याच जागी ठेवली. "बोलण्याचं काही नाही, आई. तुम्ही सगळ्यांनाच बोलायचात. तो बँकेचा मॅनेजर तर माझ्यासमोर रडला होता." तो थांबला. "पण ब्रेक तुम्ही फार लवकर दाबायचात. दर वेळी माझ्या आधी. त्यामुळे मी दाबला असता की नसता, ते मला कधी कळलंच नाही. परवाना मिळाला, पण एकट्याने गाडी बाहेर काढायला मला वर्ष लागलं."

त्याचा आवाज नेहमीसारखाच हळू होता. बाईंना मात्र ते लागलं, चांगलंच लागलं. गावात धडधाकट हिंडणारी निम्मी माणसं आपल्या उजव्या पायामुळे हिंडतात, असा त्यांचा आतापर्यंत समज होता. त्या पायाखाली कुणाचा धीरही चिरडला गेला असेल, हे कधी डोक्यातच आलं नव्हतं. त्यांना म्हणावंसं वाटलं, अरे, पण समोरून ट्रक येत होता! ट्रक खरंच येत होता. पण दर वेळी काही ट्रक येत नव्हता, हेही खरं.

"बरं," शेवटी त्या म्हणाल्या. "मग उद्या वळायचं कधी, ते तुम्ही सांगायचं. मी नाही."

"आणि तुम्ही ऐकाल?" जावयाने विचारलं. इतक्या वर्षांत त्याने सासूला विचारलेला हा पहिला खडा सवाल.

"ऐकेन."

लेकीला ठसका लागला. सर्दीचा होता म्हणाली.

सकाळी शेडमध्ये जावई स्वतः पुढे झाला. "आम्हाला आज शेवटचं जायचंय. वळायची खूण मी करणार आहे. काटा लाल आणला तर टाकी मी डोक्यावर घेऊन सगळ्या किनाऱ्यावर फिरेन." टाकीवालीने त्याला पायापासून डोक्यापर्यंत बघितलं. मग यंत्र बंद केलं, त्यामुळे तिचा आवाज जरा जास्तच घुमला. "डोक्यावर नको, मान मोडेल. जा."

त्या दिवशी प्रवाह जोरात होता. बाई घाईने पाय मारायला लागल्या आणि घाईने हवाही ओढायला लागल्या. चमच्यांची रांग गेली, कपाटाएवढ्या माशाचा खडक गेला, वाळूचं एक मैदान गेलं, आणि पलीकडे, निळ्या धुरकट पाण्यात, कमान दिसली. काळपट, रुंद, एका बाजूला जरा झुकलेली. तिच्या पोटात काहीतरी हललं. आणखी थोडं. आणखी अगदी थोडं.

जावई त्यांच्या समोर आला. त्याने बोट वर करून गोल फिरवलं. वळा.

बाईंनी आपला काटा बघितला. वाटा संपला होता, पण आताच, जेमतेम. येताना तर प्रवाह सोबतीला आहे, आणि अडीनडीचा वाटा तसाच आहे. अडीनडी म्हणतात ती आणखी कशाला म्हणायची? त्यांनी जावयाच्या खांद्यावरून कमानीकडे बघितलं. जावयाने मान वळवून बघितलं नाही. 'ठीक?' विचारलं नाही, वाकला नाही, चेहरा कसनुसा केला नाही. त्याने परत बोट गोल फिरवलं. काचेमागे त्याचे डोळे घाबरलेले होते, पण खूण ठाम होती. बाईंनी असे डोळे पुष्कळ पाहिले होते, पहिल्यांदा एकट्याने चौक ओलांडणाऱ्यांचे.

बाई वळल्या.

किनाऱ्यावर काटे पांढऱ्यावर होते. टाकीवालीने दोन्ही टाक्यांवर थाप मारली. "शाब्बास! दिसली कमान?"

"दिसली," बाई म्हणाल्या. "पोहोचले नाही." आणि त्यांना रडू आलं. मास्क काढता काढता त्यांनी ते खाऱ्या पाण्याच्या नावावर खपवलं. लेक पाणी आणायला गेली. जावयाने ते बघितलं. त्याने माफी मागितली नाही. तो ओल्या कपड्यांनीच टाकीवालीसमोर जाऊन उभा राहिला.

"त्या टोकाला मोडक्या होड्या ओढून ठेवल्यात ना, तिथून पाण्यात उतरता येतं का?"

"येतं. कुणी जात नाही. टाक्या पाठीवर घेऊन खडकांतून चालावं लागतं, कंबरडं मोडतं. पण पाण्याखालचं अंतर निम्मं होतं." टाकीवाली थांबली. "उद्या तुमची बोट आहे ना?"

"माझ्या बायकोची आहे," जावई म्हणाला.

पाण्याची बाटली घेऊन आलेली लेक जागच्या जागी थांबली. "काय?"

"तुझा कान दुखतोय आणि तुला परवा कामावर हजर व्हायचंय. आम्ही एक दिवस मागून येतो."

"तू आणि आई? म्हणजे मी घरी जायचं आणि तुम्ही दोघांनी सुट्टी करायची?" तिने आईकडे बघितलं. बाई रडत होत्या आणि हसत होत्या, आणि दोन्ही लपवायचा त्यांनी नाद सोडला होता. लेकीने हातातली बाटली आईला दिली. मग म्हणाली, "तुझ्या दुकानाच्या मालकांना काय सांगणार?"

"सासूबाई अडून बसल्यात म्हणून सांगतो. सासूबाईंचं नाव घेतलं की ते पुढे काही विचारत नाहीत."

"सांगा, सांगा," बाई म्हणाल्या. "हटून बसल्यात म्हणा."

बोट सकाळी लेकीला घेऊन गेली. ती कठड्याला टेकून ओरडत होती, प्रवाह, तीन वाटे, गुडघे, बरंच काही. काही ऐकू येत नव्हतं. दोघांनी मोठ्याने "हो" म्हणून हात हलवले.

मग टाक्या पाठीवर घेऊन सासू-जावई खडकांतून निघाले. बाईंचे गुडघे शिव्या देत होते आणि बाई गुडघ्यांना देत होत्या. मोडक्या होड्यांशी पोहोचेपर्यंत दोघं घामाने निथळले. जावई मधे मधे थांबून हात देत होता आणि बाई तो आढेवेढे न घेता धरत होत्या. उतरले. आज बाईंनी घाई केली नाही. पाय सावकाश, श्वास सावकाश. प्रवाळाचा एक उंचवटा आला, तो ओलांडला, आणि समोर कमान होती, अगदी हाताशी. बाई आत गेल्या आणि तिच्या आतल्या दगडाला तळहात लावला. गार होता, खरखरीत होता. पोहोचलो.

आत कासव होतं. एवढं मोठं कासव बाईंनी बापजन्मात पाहिलं नव्हतं. ते वाळूच्या जरासं वर, पाय सैल सोडून, मान लांबवून, न्हाव्याच्या खुर्चीतल्या गिऱ्हाइकासारखं निवांत तरंगत होतं. बारके पिवळे मासे त्याच्या पाठीवरून, मानेवरून, पापणीवरूनसुद्धा टिपत होते. कासवाने एक डोळा उघडला, बाईंना बघितलं आणि परत मिटला. बाई हलल्या नाहीत. त्यांचे दोन्ही पाय पाण्यात सैल लोंबत होते आणि त्यांना त्याचं भानही नव्हतं.

जावई समोर आला. बोट गोल फिरवलं.

बाईंनी उभं आयुष्य लोकांना सांगण्यातच घालवलं होतं. थांब, वळ, सोड, दाब, बघ. मागणं त्यांना कधी जमलं नव्हतं. लेकीकडे नाही, नवऱ्याकडेही नाही. आता त्यांनी जावयाकडे बघितलं आणि एक बोट वर केलं. एकच मिनिट. देता?

जावयाने लगेच होकार दिला नाही. त्याने स्वतःचा काटा बघितला. पुढे सरकून बाईंचा काटा हातात घेऊन बघितला. मागे ज्या वाटेने जायचं होतं तिकडे बघितलं. बाई थांबून राहिल्या. तो नाही म्हणाला असता तर त्या वळल्या असत्या.

मग त्याने एक बोट वर केलं.

बाई कासवाकडे वळल्या. ते एक मिनिट त्यांनी पुरेपूर वापरलं, आणि त्याने खूण केल्यावर निघाल्या.